हिरव्या मेजावरची साधना

बीड जिल्ह्याच्या धारूर तालुक्यात तेलगाव नावाचे गाव आहे. दिवाळी सरली, की उसाने लादलेली वाहने तेथील रस्त्यांवरून कारखान्याकडे जाऊ लागतात. दिवसभर धूळ उडते, हाका ऐकू येतात, चाके करकरतात. पण जवळच्या झाडाखाली गोट्यांचा डाव मांडून बसलेल्या मुलांना या गजबजाटाचे भान नसते. त्यांच्यातील एक मुलगा गुडघा टेकतो, एक डोळा बारीक करतो, बोट मागे ताणतो आणि गोटी सोडतो. टक्कन आवाज होतो. समोरची गोटी नेमक्या दिशेने घरंगळत जाते आणि मुलांच्या रोखलेल्या श्वासांची एकदम आरोळी होते. त्या मुलाला भूमितीतील कोन अजून कोणी शिकविलेले नसतात. परंतु गोटीला कोठे स्पर्श झाला असता ती कोणीकडे वळेल, हे त्याच्या बोटांना केव्हाच उमगलेले असते.

हीच विद्या मोठ्या मेजावर चढली, म्हणजे तिला बिलियर्ड्स म्हणतात. हे मेज खेड्यातील मुलांच्या दृष्टीस सहसा पडत नाही. ते सुमारे बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद असते. शाळेतील दगडी पाटी ज्या दगडाची असते, त्याच दगडाच्या जाड आणि सपाट फरशा त्यावर बसविलेल्या असतात व त्यांवर हिरवे लोकरी कापड ताणलेले असते. चार कोपऱ्यांत चार आणि लांब बाजूंच्या मध्यावर दोन अशी सहा भोके असतात. खेळाडूच्या हाती 'क्यू' नावाची लांब, निमुळती काठी असते. मेजावर चेंडू तीनच. आपल्या चेंडूने उरलेल्या दोन्ही चेंडूंना स्पर्श केला, तर दोन गुण. लाल चेंडू भोकात घातला, तर तीन गुण. गुण मिळत आहेत तोवर खेळाडूने खेळत राहावे. चुकला, की पाळी दुसऱ्याची. नियम एवढे सोपे आहेत, की ते अर्ध्या घटकेत समजावेत. पण त्यांत पारंगत होण्यास अर्धे आयुष्यही पुरत नाही.

कोणत्याही खेळाची गोडी केवळ नियम वाचून लागत नाही. तो खेळ जीव ओतून खेळणारा एखादा माणूस दृष्टीस पडावा लागतो. हिंदुस्थानात बिलियर्ड्स आले ते इंग्रजांबरोबर. त्यांच्या छावण्यांत आणि क्लबांत ही मेजे मांडली गेली. याच खेळाचा भाऊबंद जो स्नूकर, तो तर १८७५ साली जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याच्या कल्पनेतून जन्मास आला. खेळ या भूमीत रुजला; परंतु त्या क्लबांपैकी कित्येकांची दारे या भूमीच्या लेकरांना बंद होती. अशा या खेळाबद्दल सामान्य भारतीयाच्या मनात आपुलकी निर्माण व्हावयाची, तर त्यास आपला म्हणता येईल असा खेळाडू हवा होता.

तो पुण्याने दिला. विल्सन जोन्स यांचा जन्म २ मे १९२२ रोजी पुण्यात झाला. ते अँग्लो-इंडियन कुटुंबातील होते आणि त्यांचे शालेय शिक्षण पुण्यातच झाले. १९५० साली त्यांनी बिलियर्ड्सचे राष्ट्रीय अजिंक्यपद प्रथम जिंकले आणि १९६६ पर्यंत ते एकंदर बारा वेळा मिळविले. स्वभावाने सौम्य असलेला हा माणूस मेजापाशी उभा राहिला, म्हणजे जणू ध्यानास बसे.

१९५८ साली जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा कलकत्त्यास भरली. स्वातंत्र्य मिळून तेव्हा अवघी अकरा वर्षे झाली होती. हॉकीच्या संघाने देशाचे नाव गाजविले होते. १९५२ साली कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीहून कुस्तीचे ऑलिंपिक कांस्यपदक आणले होते. परंतु कोणत्याही खेळात एकट्याच्या बळावर जगज्जेता झालेला खेळाडू स्वतंत्र भारतास अजून लाभावयाचा होता. कलकत्त्याच्या त्या स्पर्धेत जोन्स विजयी झाले आणि हा मान त्यांच्याकडे आला. ज्यांनी हा खेळ येथे आणला, त्यांच्या मक्तेदारीला शांत हाताच्या एका भारतीयाने असे उत्तर दिले. त्यात आवेश नव्हता. होता तो केवळ अचूकपणा.

सहा वर्षांनी, १९६४ साली, ही स्पर्धा न्यूझीलंडमध्ये झाली. या वेळी जोन्स यांच्याबरोबर मुंबईचा एक सव्वीस वर्षांचा तरुणही गेला होता. त्याचे नाव मायकेल फरेरा. त्या स्पर्धेत त्याने उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली. जगज्जेतेपद मात्र पुन्हा जोन्स यांनीच पटकाविले. आपल्याच देशाचा, वयाने सोळा वर्षांनी वडील असलेला खेळाडू जगातील उत्तमांना नमवीत आहे, हे दृश्य त्या तरुणाने जवळून पाहिले. अशा वेळी मत्सर वाटू शकतो किंवा ध्यास लागू शकतो. फरेरा यांनी ध्यास घेतला. त्याचे फळ हाती येण्यास तेरा वर्षे लागली. १९७७ साली ते जगज्जेते झाले आणि पुढे १९८१ व १९८३ सालीही त्यांनी तो मान मिळविला.

१९७८ सालच्या राष्ट्रीय स्पर्धेत फरेरा यांनी एकाच पाळीत ११४९ गुण केले. हौशी खेळाडूने एका पाळीत हजाराचा टप्पा ओलांडण्याची ती पहिलीच वेळ होती. एका यशस्वी फटक्यास बहुधा दोन किंवा तीनच गुण मिळतात, हे ध्यानात घेतले, म्हणजे त्या आकड्याचा अर्थ कळतो. चारशेच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक फटके त्यांनी एकामागून एक, एकदाही न चुकता मारले असले पाहिजेत. शंभराव्या फटक्यास जे अवधान, तेच तीनशेव्या फटक्यास! मनगट दमत नसेल, पण मन दमते. आणि त्या मनाला पुन:पुन्हा एका बिंदूवर आणणे हीच या खेळातील खरी कसोटी होय.

या खेळात आणखी एक कसोटी आहे, आणि तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. कबड्डीत प्रतिस्पर्ध्याची पकड करता येते. क्रिकेटमध्ये फलंदाज कितीही धावा काढो, गोलंदाजाच्या हातात चेंडू असतो. बिलियर्ड्समध्ये एक जण खेळत असता दुसऱ्याने खुर्चीवर स्वस्थ बसून राहावयाचे असते. त्यास काही करता येत नाही, बोलताही येत नाही. समोरच्याचे गुण वाढत जातात, पराभव पावलापावलाने जवळ येतो आणि तो निमूटपणे पाहत राहावे लागते. मग केव्हातरी पाळी येते. त्या क्षणी मनातील सारी खळबळ बाजूस सारून, हात थरथरू न देता, त्याने मेजापाशी उभे राहावयाचे. जिंकणाऱ्याचा खेळ सर्वांना दिसतो. खुर्चीवर बसलेल्याचा खेळ फक्त त्याचा त्यालाच ठाऊक असतो.

शिवाय, चेंडूला चुकून बोट किंवा बाही लागली आणि पंचाच्या ते ध्यानात आले नाही, तर खेळाडूने आपण होऊन ती चूक सांगावी, असा या खेळाचा संकेत आहे. ती सांगितल्याने पाळी जाते. प्रसंगी सामनाही जातो. न सांगितल्यास कोणास कळतही नाही. ज्यास कळते तो एकटा खेळाडू; आणि त्याच्यापुरते तेवढे पुरेसे असते.

जोन्स आणि फरेरा यांच्यामागून हा दिवा पुढे जात राहिला. अहमदाबादच्या गीत सेठी यांनी १९८५ व १९८७ साली हौशी जगज्जेतेपद मिळविले आणि १९९२ च्या व्यावसायिक जागतिक स्पर्धेत एका पाळीत १२७६ गुण केले. १९८५ साली पुण्यात जन्मलेले पंकज अडवाणी बंगळुरात वाढले. थोरल्या भावाला खेळताना पाहता पाहता त्यांना लहानपणीच या खेळाचे वेड लागले. पुढे अरविंद सावूर यांच्यासारख्या जाणत्या खेळाडूने त्यांना घडविले आणि त्यांनी बिलियर्ड्स व स्नूकर मिळून पंचवीसहून अधिक जागतिक विजेतेपदे मिळविली. विल्सन जोन्स यांनी स्वत:ची काठी खाली ठेवल्यावर ती इतरांच्या हाती देण्याचे काम केले. १९६५ साली पद्मश्रीने गौरविल्या गेलेल्या या खेळाडूस १९९६ साली उत्तम गुरू म्हणून द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. ५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

तेलगावच्या झाडाखाली संध्याकाळ होत येते. डाव रंगात आलेला असतो. नेम धरताना एका मुलाच्या पायाचा धक्का लागून एक गोटी जागची हलते. बाकीच्यांचे लक्ष रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीकडे असते. कोणी पाहिलेले नसते. तो मुलगा क्षणभर घुटमळतो. मग "माझा पाय लागला रे!" म्हणून गोटी पूर्वीच्या जागी ठेवतो आणि आपली पाळी सोडून देतो. तेथे हिरवे मेज नसते, क्यू नसते, पंचही नसतो. परंतु पुण्याच्या त्या शांत माणसाने हे पाहिले असते, तर त्या मुलास त्याने आपल्याच पंक्तीत बसविले असते.