किथेरॉनवरचे सहा महिने

बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईत एम.ए. मराठीच्या वर्गाला मी जागतिक नाटक शिकवते. सोफोक्लीजचा ईडिपस आमच्या मुलांना भेटतो तो पु. ल. देशपांडे यांच्या ‘राजा ओयदिपौस’मधून (1979), आणि ॲरिस्टॉटल विंदा करंदीकरांच्या ‘ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’मधून (1957). पण त्याआधीच गाईड भेटलेलं असतं. नायकाच्या स्वभावात दोष असतो, त्यापायी त्याचा नाश होतो, प्रेक्षकाच्या मनात करुणा आणि भीती दाटून येते. एवढ्यावर परीक्षा निघते. नाटक न उघडता निघते, हे मला सलतं.

म्हणून या नाटकावर मी व्याख्यान देत नाही. वर्गाचे गट पाडते आणि प्रत्येक गटाला एक पात्र देते. या पात्राला काय कळलं, कधी कळलं, कुणाकडून कळलं, एवढंच लिहायचं. मग वही शेजारच्या गटाकडे जाते. त्यांनी पेन्सिलीनं फक्त प्रश्न लिहायचे. ‘छान’, ‘बरोबर’ असले शेरे चालत नाहीत. प्रत्येक विधानापुढे पान आणि संवाद हवाच. चर्चेला तोंड फुटण्याआधी प्रत्येकानं गप्प बसून स्वतःचं लिहून काढायचं, ही अट मी कधीच सैल करत नाही. नाहीतर वक्तृत्व स्पर्धा गाजवणारा एखादा मुलगा सगळ्या गटाचं मत ठरवून मोकळा होतो आणि मुली नुसत्या माना डोलावतात.

असं तपासणं ग्रीक नाटकाला परकं नाही. कोरस म्हणजे थीब्ज नगरीतले पंधरा वृद्ध. आधीच्या राजाचा, लायसचा, खुनी तूच आहेस, असं द्रष्टा टायरेसियस राजा ईडिपसच्या तोंडावर सांगतो, तेव्हा ते ना राजाला सोडतात, ना द्रष्ट्याला खोटं ठरवतात; पुरावा दिसेपर्यंत थांबतात. अथेन्सच्या नाट्यस्पर्धेचे परीक्षकही दहा जमातींतून चिठ्ठ्या टाकून निवडलेले साधे नागरिक असत. ज्या स्पर्धेत हे नाटक होतं तिथं सोफोक्लीजला दुसरा क्रमांक मिळाला, फिलोक्लीज नावाच्या नाटककाराच्या मागे.

म्हाताऱ्या मेंढपाळाचं पात्र मी मुद्दाम देते, कारण गाईडमध्ये त्याला जेमतेम एक ओळ असते. कॉरिंथहून आलेल्या दूताला तू ओळखतोस का, असं ईडिपस त्याला विचारतो. तो म्हणतो, चटकन आठवत नाही. एका गटानं वहीत लिहिलं, ‘वयामुळे विसरला.’ वही धारूर तालुक्यातल्या एका मुलाच्या गटाकडे गेली. त्याचे आईवडील दरसाल उचल घेऊन टोळीबरोबर ऊसतोडीला कारखान्यावर जातात. त्यानं दूताच्या पुढच्या संवादाखाली रेघ मारली: हे दोघं किथेरॉन डोंगरावर सलग तीन वर्षं, वसंतापासून सहा-सहा महिने, शेजारी शेजारी कळप चारत होते, हिवाळा आला की आपापल्या गावी परतत. आणि खाली लिहिलं, ‘सहा महिने शेजारच्या कोपीत राहिलेला माणूस कोण विसरतं?’

मूळ गट हटला नाही. आठवण करून दिल्यावर मेंढपाळ खरं म्हणतोच की, पण फार जुनी गोष्ट, असंही म्हणतो. त्यांनी तो संवाद दाखवला. मग राणी योकास्टावर काम करणाऱ्या मुलींनी आपली वही आणली. लायस मारला गेला तेव्हा वाचलेला एकमेव सेवक हाच. परत आल्यावर गादीवर ईडिपस बसलेला पाहिला आणि त्यानं राणीचा हात धरून विनवलं, मला नगरापासून लांब, कुरणांकडे पाठवा. म्हणजे लायसला कुणी मारलं हे त्याला त्याच दिवशी कळलं होतं आणि इतकी वर्षं तो गप्प होता. मेंढपाळानं डोंगरावर दूताच्या हाती दिलेलं बाळ म्हणजे ईडिपसच; दूत त्या बाळाचा विषय काढतो तेव्हा हाच म्हातारा त्याच्यावर खेकसून त्याला गप्प करू पाहतो. तीन वह्या शेजारी ठेवल्यावर ‘चटकन आठवत नाही’ या वाक्यातली भीती सगळ्यांना दिसली. वर्षातले सहा महिने परमुलखात काढणं म्हणजे काय, हे बीडच्या या मुलांना मला शिकवावं लागत नाही. ते ज्ञान घेऊन ती नाटकात शिरतात आणि शेजारचा गट त्यांच्याकडे संवाद मागतो. दोन्ही लागतं. नुसता अनुभव सांगितला तर नाटक बाजूला पडतं आणि आपल्याच गावच्या गोष्टी सुरू होतात.

यंदाचा वाद मात्र अजून मिटलेला नाही. लायसला मारणारे लुटारू अनेक होते, अशी त्या मेंढपाळाची मूळ साक्ष. ती त्यानं कायम ठेवली तर आपण निर्दोष, म्हणून ईडिपस त्याला बोलावून घेतो. पण तो समोर आल्यावर ही संख्या कुणीच विचारत नाही! एका गटाचं म्हणणं, जन्माचं रहस्य उलगडल्यावर तो प्रश्न उरतच नाही. दुसऱ्या गटाला वाटतं, ईडिपसलाच आता उत्तर नको आहे. मला दुसरं वाचन जास्त पटतं, पण ते मी वर्गात बोललेली नाही. तिसऱ्या गटानं ‘नाटककार विसरला असेल’ असं लिहिलं. त्यावर पेन्सिलीत प्रश्न आला: मग आधी राणीचा भाऊ क्रेऑन आणि नंतर योकास्टा, दोघांच्याही तोंडी ‘अनेक’ कशाला घातलं? तो गट पुन्हा पहिल्या प्रवेशापासून वाचतो आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला तास त्यांचा.