गोड्या पाण्याची साय

"भूगर्भशास्त्राची तोंडओळख करून द्या, पण सोप्या भाषेत," असा संपादकांचा निरोप आला तेव्हा मी लगेच होकार दिला. चौतीस वर्षं विहिरी, बोअर आणि कातळ पाहण्यात गेली. अग्निज, गाळाचे आणि रूपांतरित असे खडकांचे तीन प्रकार सांगणं अवघड नव्हतं. पण लिहायला बसलो आणि डोळ्यांसमोर सारखा येऊ लागला तो कोवलममधल्या एका घराचा नळ. तेव्हा सुरुवात तिथूनच करतो.

कोवलम म्हटलं की आपल्याला केरळ आठवतं. हे कोवलम वेगळं. चेन्नईहून ईस्ट कोस्ट रोडने दक्षिणेला निघालं की सुमारे चाळीस किलोमीटरवर हे मच्छीमारांचं गाव लागतं. पूर्वेला बंगालचा उपसागर, मागच्या अंगाला मुट्टुकाडूची खाडी आणि बकिंगहॅम कालवा. गाव वसलं आहे ते या दोन खाऱ्या पाण्यांमधल्या वाळूच्या पट्टीवर.

माझा भाचा नोकरीमुळे चेन्नईत स्थिरावला आणि त्याने इथे छोटं घर बांधलं. बांधकामाआधी त्याचा फोन आला होता. "मामा, इथे पाणी कितीवर लागेल?" मी म्हणालो, "वाळू आहे रे, लगेच लागेल." एवढंच बोललो. कुठे थांबायचं, ते सांगितलं नाही. ते न सांगितलेलं वाक्य अजून मनातून जात नाही.

त्याचं बालपण सांगोल्यातलं. पन्नास फुटांवर ओल लागली तरी समाधान मानायचं नाही, आणखी खोल जायचं, हे त्याने वडिलांना करताना पाहिलेलं. बोअरवाल्यालाही खोलीप्रमाणे पैसे मिळणार होते. शंभर फुटांच्या पुढे गेल्यावर त्याने मला चुऱ्याचा फोटो पाठवला: "मामा, काळा दगड लागला. अगदी आपल्याकडचाच!" पाणीही भरपूर लागलं. दोन महिने सगळं ठीक चाललं. उन्हाळ्यात चहा खारट लागायला लागला, साबणाला फेस येईना. पुढे शेजारच्या मच्छीमाराच्या उथळ विहिरीचं पाणीही मचूळ झालं. त्या घरातल्या आजी एवढंच म्हणाल्या, "उप्पु तण्णि." खारं पाणी. त्यांच्या विहिरीला कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं.

आता यामागचं शास्त्र. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, दुधावर साय धरावी तसं. गोडं पाणी हलकं असतं. त्याचं लिटर एक किलो भरतं, समुद्राच्या पाण्याचं सुमारे एक किलो पंचवीस ग्रॅम. त्यामुळे ४० मीटर उंचीच्या खाऱ्या पाण्याचा दाब आणि ४१ मीटर उंचीच्या गोड्या पाण्याचा दाब सारखाच भरतो. म्हणजे समुद्रपातळीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल, तर खाली साधारण चाळीस मीटरपर्यंत त्याचा साठा असू शकतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बॅडोन-गायबेन या डच लष्करी अधिकाऱ्याने आणि १९०१ मध्ये हर्झबर्ग या जर्मन अभियंत्याने हे गणित स्वतंत्रपणे मांडलं.

ऐकायला छान वाटतं, पण हेच गणित उलटं वाचा. उपसा करून वरची पातळी एक फूट खाली नेली, की खालची खारी सीमा कालांतराने चाळीस फूट वर सरकते. शिवाय हे झालं सर्वत्र सारखी वाळू आणि शांत पाणी गृहीत धरून. प्रत्यक्षात पंपाखाली खारं पाणी शंकूच्या आकारात वर खेचलं जातं, आणि मोठा पंप लावला की तो शंकू सरळ फुटव्हॉल्व्हपर्यंत पोचतो. बिघडायला फार पाणी लागतही नाही. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. शंभर लिटर गोड्या पाण्यात दोन लिटर समुद्र मिसळला तर लिटरमागे जवळजवळ सातशे मिलिग्रॅम क्षार वाढतात. पिण्याच्या पाण्याची भारतीय मानकातली इष्ट मर्यादा आहे पाचशे.

आता त्या "आपल्याकडच्याच" काळ्या दगडाबद्दल. इथे मला थोडं लांबण लावावं लागणार आहे, कारण हा गैरसमज मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीवर पसरून थिजलेला लाव्हा. कोवलमच्या वाळूखालचा दगड म्हणजे चार्नोकाइट. त्याचं वय अडीचशे कोटी वर्षांच्या घरात, आणि तो घडला वीस-पंचवीस किलोमीटर खोल, सातशे-आठशे अंश तापमानात. वरचा सगळा डोंगर झिजून गेला तेव्हा कुठे तो आपल्याला दिसला. ताज्या तुकड्यावर तेलकट झाक असते, त्यातलं क्वार्ट्झ निळसर दिसतं. चेन्नईत याची खडी 'ब्लू मेटल' म्हणून विकली जाते. वीस किलोमीटरवरच्या महाबलीपुरममध्ये गाइड सरसकट 'ग्रॅनाइट' म्हणतात, पण पल्लवांनी कोरलेला तिथला बराचसा दगड याच कुळातला आहे.

नावाची कथा कोलकात्यातली. तिथल्या सेंट जॉन्स चर्चच्या आवारात ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी जॉब चार्नॉक याची कबर आहे आणि तिच्यावरची शिळा मद्रासजवळच्या पल्लावरमच्या दगडाची आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या थॉमस हॉलंड यांनी १८९३ मध्ये त्या शिळेवरून खडकाला नाव दिलं. हॉलंड यांच्या मते हा शिलारसापासून घडलेला अग्निज खडक. तिथून वाद सुरू झाला. १९६० मध्ये पिचमुत्तू यांनी कर्नाटकातल्या कब्बालदुर्गला नाइस या साध्या पट्टेदार रूपांतरित खडकामध्येच चार्नोकाइट तयार होत असल्याचं दाखवलं. १९८० मध्ये न्यूटन, स्मिथ आणि विंडली यांनी मांडलं की खोलातून वर येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडने खडकातलं पाणी हुसकावलं आणि त्यातून हा बदल घडला. माझं मत असं की पल्लावरमचा दगड आधी शिलारस म्हणून थिजला आणि पुढे खोलातच पुन्हा भाजून निघाला. दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं सत्य पाहिलं. याचं उत्तर पुस्तकात मिळत नाही, पल्लावरमच्या खाणीच्या कडेला हातोडा घेऊन उभं राहिल्याशिवाय तर नाहीच.

वाचक विचारील, याचा नळाशी काय संबंध? संबंध सरळ आहे. बेसाल्ट असो की चार्नोकाइट, सलग दगडात पाणी नसतं. ते असतं कुजलेल्या थरात आणि भेगांमध्ये. बेसाल्टात लाव्ह्याचे थर एकावर एक, त्यांच्या मधल्या सच्छिद्र पट्ट्यात पाणी सापडण्याची आशा असते. ती आशाही फार खोलवर टिकत नाही, हे मी माणदेशात शेकडो वेळा सांगितलं आहे. तरी लोक आधी पाणाड्याला बोलावतात आणि बोअर कोरडी गेली की आम्हाला. पण सांगोल्यात बोअर फसली तर ती कोरडी जाते आणि नुकसान एका घराचं होतं. कोवलममध्ये भेगांतून समुद्रच वर येतो आणि आळीचं पाणी बिघडतं. चेन्नईच्या उत्तरेला मिंजूर भागात बेसुमार उपशामुळे समुद्र असाच काही किलोमीटर आत शिरला. एकदा शिरलेलं खारं पाणी मागे हटायला अनेक पावसाळे लागतात. कोवलमच्या थोडंसं दक्षिणेला नेम्मेलीला २०१३ पासून समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प चालू आहे, दिवसाला दहा कोटी लिटरचा. एवढी यंत्रं आणि एवढी वीज लावून जे मिळवायचं, तेच ही वाळू फुकट साठवत आली आहे.

कोवलमचे जुने रहिवासी वाळूत उथळ खड्डा करून वरचं पाणी तेवढं हलक्या हाताने काढत. आपल्याकडे नदीच्या वाळवंटात झिरा खणतात, तसंच. ना सूत्र ठाऊक, ना हर्झबर्ग. तरी साय कशी काढायची, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

मी तिथे गेलो तेव्हा आधी त्या आजींच्या घरी गेलो, माफी मागितली. मग बोअर तळापासून सिमेंटने बुजवून घेतली, रुंद उथळ विहीर खणली, लहान पंप बसवला आणि छपराचं सगळं पाणी वाळूत सोडलं. तमिळनाडूने २००३ मध्येच प्रत्येक इमारतीला पावसाचं पाणी जिरवणं सक्तीचं केलं आहे; कागदावर पाइप सगळीकडे असतो, तो तुंबला आहे का, हे फारसं कोणी पाहत नाही. आजींच्या विहिरीचं पाणी आता पूर्वीपेक्षा बरं आहे, पूर्ववत नाही. ते होईल की नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आपल्याकडे दिवाळीत पाऊस सरलेला असतो. कोवलमला त्याच सुमारास ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो, आणि तिथल्या वाळूची वर्षभराची भरती मुख्यतः डिसेंबरपर्यंतच्या त्या दिवसांत होते. भूगर्भशास्त्राचा पहिला धडा मला विचाराल तर तो एवढाच आहे: एका जमिनीचा नियम दुसऱ्या जमिनीला लावू नका. बोअरचा सौदा ठरवण्याआधी शेजारच्या विहिरीत दोरी सोडून पाणी मोजा, ते चाखून बघा, खाली कोणता दगड आहे ते जाणकाराला विचारा. आणि किती खोल जायचं याच्या आधी, कुठे थांबायचं, हे विचारा.