पृष्ठावरील घटकांची ओळख

शब्दांच्या आठ जाती शिकविणें हें गेलीं कित्येक वर्षें माझें काम आहे. पुढें शाळेंत संगणकाचा वर्ग निघाला व तोहि मजकडेच आला. प्रथम वाटलें, हे दोन विषय दोन टोकांचे. परंतु जावास्क्रिप्ट नांवाची भाषा वाचूं लागलों, तेव्हां दिसून आलें कीं, तेथेंहि पहिला प्रश्न तोच आहे : समोर आलेला हा कोण ?

ज्या वाचकांस या विद्येचा परिचय नाहीं, त्यांच्यासाठीं थोडें सांगणें अवश्य आहे. संगणकावर आपण जें पृष्ठ पाहतों, तें एचटीएमएलच्या खुणांनीं बांधलेलें असतें. टिम बर्नर्स-ली यांनीं जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत असतांना ही पद्धति काढली. परिच्छेदास एक खूण, चित्रास दुसरी, कोष्टकास तिसरी, उत्तर भरावयाच्या चौकटीस आणखी निराळी. ब्राउझर हें सर्व वाचून त्याचा एक वृक्ष रचितो. १९९५ सालीं ब्रेंडन आइक यांनीं नेटस्केप कंपनीसाठीं सुमारें दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना सिद्ध केला. तिच्या योगें या वृक्षाच्या फांद्या हालवितां येतात. मात्र हातीं काय आलें आहे, तें आधीं कळलें पाहिजे. परिच्छेदाजवळ भरलेलें उत्तर मागितलें, तर कांहींच मिळत नाहीं.

नवशिका प्रथम 'टाइपऑफ' वापरतो. उत्तर येतें 'ऑब्जेक्ट', म्हणजे वस्तु. चित्राविषयीं विचारा, कोष्टकाविषयीं विचारा, उत्तर तेंच. गंगाखेडच्या बाजारांत एखाद्यास "हें काय ?" म्हणून विचारावें व त्यानें "वस्तु" एवढेंच सांगावें, तशांतला हा प्रकार.

खरा उपयोगी पडतो तो 'टॅगनेम'. तो खुणेचें नांव सांगतो. पण त्यांत एक मेख आहे. आपण खूण लहान रोमन अक्षरांत लिहिली असली, तरी उत्तर मोठ्या अक्षरांत येतें. पृष्ठांत एसव्हीजी पद्धतीची आकृति असेल, तर तिच्या घटकांचीं नांवें मात्र लहान अक्षरांतच राहतात. देवनागरींत हा भेदच नसल्यामुळें आमचीं मुलें येथें हटकून अडखळतात. दोन्ही बाजू लहान अक्षरांत आणून मग ताडाव्या, हें मीं फळ्याच्या कोपऱ्यांत कायमचें लिहून ठेविलें आहे.

शिवाय वृक्षावर केवळ घटकच नसतात. दोन खुणांमधील रिकामी जागाहि त्यावर एक पान होऊन बसते, आणि 'फर्स्टचाइल्ड' म्हणून पहिलें अपत्य मागावें, तर पुष्कळदां हें रिकामें पानच हातीं येतें. तेथें 'नोडटाइप'चा अंक पाहावा : घटक असल्यास १, मजकूर असल्यास ३, टीप असल्यास ८.

परंतु नांव कळलें म्हणजे ओळख पटली, असें नव्हे. 'वर' हा शब्द घ्या. लग्नमंडपांत तो नवरदेव, कथेंत तो वरदान, आणि "वर पाहा" म्हटलें कीं क्रियाविशेषण. दादोबा पांडुरंगांचें व्याकरण १८३६ सालीं निघालें, तेव्हांपासून मराठी मुलें शब्दांच्या जाती घोकीत आलीं आहेत. पण वाक्यांत शब्द काय करतो, हें पाहिल्यावांचून त्याची जात ठरत नाहीं. (समाजांत 'जात' जन्माशीं जखडलेली आहे, व्याकरणांत कामाशीं, हें मला नेहमींच बरें वाटत आलें आहे.) 'इनपुट' ही खूण तशीच. लिहावयाची चौकट, टिचकी मारावयाचा चौकोन, अनेकांतून एक निवडावयाचें वर्तुळ, पाठविण्याचें बटण, सर्वांचें नांव इनपुट. त्यांचा 'टाइप' निराळा विचारावा लागतो.

न विचारल्यास काय होतें, तें आमच्या शाळेनें पाहिलें. परभणी जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास कित्येक कुटुंबें ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. मुलें सोबत गेलीं, तर त्यांचें वर्ष बुडतें. म्हणून मागें राहणारांची हंगामी वसतिगृहांत सोय करावी लागते. ती कोणास हवी, हें विचारण्यासाठीं एका बाहेरच्या इसमाकडून पृष्ठ करवून घेतलें. यादी आली ती विलक्षण ! दुकानदार, वकील, शिक्षक, सर्वांचींच मुलें वसतिगृह मागत होतीं. अशी यादी पुढें गेली असती, तर खरे गरजू तींतून कोणी निवडले असते ?

कारण शोधून काढलें तें नववींतील एका मुलीनें. तिचे आईबाप स्वतः कोयता घेऊन जातात. तो कोड सर्व इनपुटांची 'व्हॅल्यू' सरसकट गोळा करीत होता. चौकोनाची व्हॅल्यू, निराळी नेमून दिली नसल्यास, 'ऑन' हीच असते, मग त्यावर टिचकी मारलेली असो वा नसो. टिचकीची खबर 'चेक्ड' देतो. टाइप चौकोनाचा असेल, तर चेक्ड पाहा, एरव्हीं व्हॅल्यू घे, अशी अट तिनें घातली. दोन ओळींचें काम.

आधींची माहिती मात्र फुकट गेली, कारण खरी निवड कोठेंच साठविली नव्हती. सर्वांकडून पृष्ठ पुन्हां भरून घेतलें. कांहीं पालक तोंवर टोळीबरोबर निघून गेले होते. त्यांस मुकादमाच्या फोनवरून, फडावर काम चालू असतां, विचारावें लागलें. नवी यादी आखूड निघाली. तींत त्या मुलीचें व तिच्या धाकट्या भावाचें नांव आहे.