पाऊस येण्याआधी

आमची चार एकर जमीन कोरडवाहू. वाशीम जिल्ह्यातल्या अनेक घरांसारखेच आमचे घर सोयाबीन-तुरीवर चालते. शेतात विहीर नाही, कालवा नाही. पाऊस आला तर पीक, नाही तर उधारी.

२०१४ चा जून असाच कोरडा गेला. देशभरातच त्या महिन्यात सरासरीपेक्षा ४० टक्क्यांहून जास्त तूट होती. आमच्याकडे एक बरी सर आली, तिच्या भरवशावर अब्बांनी पेरणी केली. कोंब वर आले आणि आठवड्याभरात करपून गेले. जूनच्या अखेरीस रमजान सुरू झाला तेव्हा आमच्या समोर दुबार पेरणी होती आणि घरात बियाण्याला पैसे नव्हते.

अब्बांचे बोलणे कमी होत गेले. इफ्तारला खजूर आणि पाणी घेऊन ते उठून जात. तरावीहनंतर अंगणात एकटेच बसून राहत. आम्ही भावंडे आतून पाहत असू. विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी २००६ मध्ये पंतप्रधानांचे पॅकेज आले, त्यांत वाशीमही होता. ते कशामुळे आले हे आम्हा मुलांनाही ठाऊक होते. गावात कुणाच्या दारापुढे अवेळी माणसे बसलेली दिसली की काळजात धस्स व्हायचे. आपला बाप रात्री झोपला की नाही, हे आम्ही पाळीपाळीने उठून पाहू लागलो.

अम्मीने त्यांना एका शब्दाने छेडले नाही. सेहरीच्या तासभर आधी उठून ती तहज्जुद पढायची. एका पहाटे आम्हाला जाग आली तर तिच्या पुढच्या जानमाजवर अब्बा होते. सजदा संपतच नव्हता. त्यांचे खांदे हलत होते. अब्बांना रडताना आम्ही त्याआधी कधी पाहिले नव्हते.

दोन दिवसांनी गावाने पावसासाठी नमाज-ए-इस्तिस्का पढली. लहान-मोठे सगळे उघड्या मैदानात जमलो. दोन रकअत झाल्या, इमामसाहेबांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सुन्नतीप्रमाणे अंगावरची चादर उलटी केली, आणि सगळ्यांनी हात उचलले. परत येताना आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता. धाकट्याने वाटेतच विचारले, “अब्बा, अल्लाहने आपली दुआ ऐकली नाही का?”

अब्बा घरापर्यंत गप्प राहिले. ओट्यावर बसल्यावर म्हणाले, “ऐकतो बेटा. मीच त्याच्यापासून आणि तुमच्यापासून तोंड लपवत होतो.” मग सगळे बाहेर आले. दुकानाची उधारी आम्हाला माहीत होती. पण पेरणीसाठी त्यांनी एका खासगी सावकाराकडून साठ हजार रुपये शेकडा पाचने घेतले होते. व्याज हराम आहे हे त्यांनीच आम्हाला शिकवले होते, आणि ती लाज त्यांना कर्जापेक्षा जड झाली होती.

अम्मी थोडा वेळ तशीच बसली. मग तिने हातातल्या बांगड्या काढून त्यांच्या पुढे ठेवल्या. म्हणाली, “आधी व्याजाचे पैसे फेडू. बाकीचे अल्लाह पाहील.” संध्याकाळी मामूंना निरोप गेला. शेजारच्या काकांच्या कानावर गोष्ट गेली तशी त्यांनी आपल्याकडचे दोन पोती बियाणे आणून टाकले. “पैशाचं मंग पाहू भाऊ, आधी पेरून तं घ्या,” एवढेच बोलले.

पाऊस जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात आला. पेरणी उशिरा झाली, उतारा निम्माच आला, आणि उरलेले देणे फिटायला तीन वर्षे लागली. गावात लोक म्हणतात, दुआ कबूल झाली म्हणून पाऊस पडला. अल्लाहचे काम अल्लाह जाणे. पण आमच्या घराची दुआ पाऊस येण्याआधीच कबूल झाली होती. ज्या दुपारी अब्बा बोलले, त्या दुपारी.

ह. यूनुस (अलै.) यांनी माशाच्या पोटातल्या अंधारात अल्लाहचा मोठेपणा गायला आणि आपली चूक कबूल केली. ह. हाजरा (अलै.) तहानलेल्या बाळासाठी सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात वेळा धावल्या. पाणी मात्र टेकडीवर नाही, बाळाच्या जवळच फुटले. आम्हीही महिनाभर आभाळाकडे पाहत होतो आणि मदत घराच्या ओट्यावरून आली. पण हाजरा धावल्या नसत्या, आणि अब्बा त्या पहाटे सजद्यात झुकले नसते, तर? दुआ म्हणजे हात जोडून बसणे नव्हे, हे आम्ही तिथे शिकलो. सजद्यात अल्लाहपुढे मन मोकळे केलेल्या माणसाला माणसांपुढे बोलण्याचेही बळ येते.

अब्बा आता थकले आहेत. मृग कोरडा गेला की अजूनही तहज्जुदला उठतात. सकाळी चहा झाला की काठी घेऊन गावात एक फेरी मारतात. कोण ओट्यावर गप्प बसला आहे ते पाहतात आणि त्याच्या शेजारी जाऊन बसतात.

वाचकहो, तुमच्याही घरात कुणी असे गप्प झाले असेल तर त्याच्यासाठी दुआ करा. आणि जानमाज गुंडाळून ठेवली की त्याच्याजवळ जाऊन विचारा, काय झाले आहे?