मापटं भरताना

मे महिन्यातल्या एका रात्री मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लेकीच्या वह्या पसरून बसले होते. ती दहावीत आहे आणि तिची शाळा घरीच आहे. आठवीत असताना आजारपणात तिची चार महिने शाळा बुडाली, तेव्हापासून आम्ही तिला घरी शिकवतो. पुढच्या वर्षी जवळच्या कम्युनिटी कॉलेजात एखादा विषय घ्यायचा तिचा विचार आहे. त्यासाठी गुणपत्रक लागतं, आणि ते तयार करायचं आम्हीच.

आम्ही टेक्सासमध्ये राहतो. इथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये घरच्या शाळेला खासगी शाळेचाच एक प्रकार मानलं. त्यामुळे सरकारी तपासनीस येत नाही, बोर्डाची परीक्षा होत नाही. अभ्यासक्रम आईबापांचा, परीक्षा आईबापांची, शिक्काही आईबापांचाच. आपल्याकडे दहावीचा पेपर कोणत्या गावी जातो, कोण तपासतो, ते कळतही नाही. इथे तपासणारी मी आणि पेपर माझ्या पोरीचा.

त्या रात्रीचा प्रश्न साहित्याच्या विषयाचा होता. त्याला किती क्रेडिट द्यायचं?

अमेरिकेत वर्षभराच्या विषयाला साधारण एक क्रेडिट मिळतं. त्यामागे एक जुनं माप आहे, कार्नेगी युनिट. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ मध्ये प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी एक कोटी डॉलर दिले. पेन्शन कोणत्या कॉलेजांना द्यायची हे ठरवायचं, तर आधी कॉलेज कशाला म्हणायचं ते ठरवणं आलं. प्रवेशासाठी हायस्कूलची चौदा युनिटं मागणारं ते कॉलेज, असा निकष निघाला. एका विषयाचे वर्षाला सुमारे १२० तास म्हणजे एक युनिट. म्हणजे म्हाताऱ्या मास्तरांच्या पेन्शनसाठी काढलेलं माप पोरांच्या अभ्यासाला लागलं. ते तास मोजतं. पोराला काय समजलं, ते त्याला मोजता येत नाही. तरीही घरी शिकवणारे बरेच पालक तेच वापरतात: १२० तासांना एक क्रेडिट, ६० तासांना अर्धं.

लेकीच्या वहीत तारीखवार नोंदी होत्या. शेक्सपियरचं 'ज्युलियस सीझर', फ्रेडरिक डग्लस यांचं १८४५ चं आत्मकथन, लॉरेन हॅन्सबेरी यांचं 'अ रेझिन इन द सन' आणि काही कविता. वाचन ८१ तास, चर्चा १९, लेखन ३२. एकूण १३२. इंग्रजीचं एक क्रेडिट सरळ होत होतं.

पण वहीच्या मागच्या बाजूला शनिवारच्या नोंदी होत्या. आमचे सकाळचे आठ वाजले की मिरजेत संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. नानी व्हिडिओवर येते आणि नातीकडून मराठी वाचून घेते. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाली. बहिणाबाईंची गाणी झाली, हमीद दलवाईंचं 'इंधन' झालं, व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' झाली. हे ४६ तास.

मी बेरीज केली. १७८. दीड क्रेडिटला १८० लागतात. दोनच तास कमी. दोन तास काय, नानीबरोबरच्या नुसत्या गप्पांतही निघतात. मी पेन्सिलीने १.५ लिहिलं.

हा मोह का झाला, ते सांगते. शाळेत असताना, नोकरीत असताना, पुण्यात घर शोधताना लोक मला विचारायचे, "अय्या, तुम्ही मराठी इतकं छान कसं बोलता?" विचारणाऱ्याला ते कौतुक वाटायचं. ज्या आईने शेकडो पोरांना मराठी लिहायला शिकवलं, तिच्या मुलीला हा प्रश्न! आता एका अधिकृत कागदावर माझ्या मुलीच्या नावासमोर मराठी उमटणार होतं, आणि ते ठसठशीत दिसावं असं मला वाटत होतं.

सकाळी लेकीने कागद पाहिला.

"अम्मी, हे चुकलंय. तो निबंध तू दोनदा धरलास."

खरं होतं. डग्लस आणि 'बनगरवाडी' यांवर तिने एकच निबंध लिहिला होता. एकीकडे गोऱ्या पोरांना भाकरी देऊन त्या बदल्यात अक्षरं शिकणारा गुलाम मुलगा, दुसरीकडे धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला आलेला तरुण मास्तर. त्या निबंधाचे तीन तास इंग्रजीतही होते आणि मराठीतही. मराठीचे उरले ४३.

"तरी काय बिघडलं? अभ्यास तर केलायस ना? तुझे नाना दुकानात मापटं शीग लावून भरायचे. सपाट माप त्यांनी कधी कुणाला दिलं नाही."

ती क्षणभर थांबली. "पण नाना गिऱ्हाइकाला द्यायचे ना? इथे आपण कुणाला देतोय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अब्बांचं धान्याचं दुकान होतं. घेताना माप पुरेपूर घ्यायचं आणि देताना कमी भरायचं, अशा माणसांना कुरआनात कडक ताकीद आहे. अब्बा ती गल्ल्यावर बसून आम्हाला सांगायचे. त्यांची शीग दुसऱ्याच्या पिशवीत पडायची. मी शीग लावत होते ती माझ्याच पिशवीत. शिवाय घरच्या शाळेचा कागद वाचणाऱ्याच्या मनात शंका आधीच असते. माझं एक माप खोटं निघालं, तर तिच्या खऱ्या १३२ तासांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. इंग्रजीच्या क्रेडिटला शेपूट म्हणून जोडलं असतं, तर मराठी दिसलंच नसतं. कागदावर नुसतं 'इंग्रजी १.५' राहिलं असतं. ज्या नावासाठी मी आकडा फुगवत होते, तेच नाव त्या आकड्यात बुडालं असतं.

मग आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. इंग्रजी साहित्य, एक क्रेडिट. वरचे बारा तास तसेच राहू द्यायचे. त्याखाली वेगळी ओळ: मराठी साहित्य, अर्धं क्रेडिट, अभ्यास चालू. सतरा तास बाकी आहेत. सवा तासाचा एक शनिवार धरला तर चौदा शनिवार.

नानीला फोनवर सगळं सांगितलं. ती क्रेडिटबद्दल काहीच बोलली नाही. एवढंच म्हणाली, "चौदा शनिवार आहेत होय? मग तिला ऱ्हस्व-दीर्घ जरा नीट घटवून घेते. 'इंधन'वर लिहिलेल्या पानात अकरा चुका होत्या."