खुर्ची

म्बेया स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलो होतो. जून महिना, बोचरी थंडी, आणि सगळे स्वेटर सॅकच्या तळाशी. तेवढ्यात फोन वाजला. मलावीतल्या शाळेच्या सायन्सच्या बाईंचा मेसेज होता : 'सर्व्हर चालू होत नाहीये. पासवर्ड विचारतोय. तुमचं मॅन्युअल कुठे ठेवलंय?'

मॅन्युअल सर्व्हरवरच होतं.

बत्तीस पानांची पीडीएफ, स्क्रीनशॉट आणि अनुक्रमणिकेसकट. कुलूप लावून किल्ली आतच ठेवण्याचा हा प्रकार आहे, हे अकरा महिन्यांत माझ्या एकदाही लक्षात आलं नव्हतं. उत्तर टाइप करायला घेतलं आणि गाडी आली. गर्दीत चढून जागेवर बसेपर्यंत नेटवर्क गेलं.

इंजिनिअरिंगनंतर तीन वर्षं पुण्यात नोकरी केली आणि कंटाळून एका स्वयंसेवी संस्थेमार्फत उत्तर मलावीत गेलो. रुम्फीजवळची एक माध्यमिक शाळा. कोणीतरी देणगी दिलेले चौदा जुने लॅपटॉप, छपरावर सोलर पॅनल, दोन बॅटऱ्या. इंटरनेट नसल्यातच जमा, म्हणून एका छोट्या सर्व्हरवर ऑफलाइन विकिपीडिया आणि पाठ्यपुस्तकं टाकून दिली. पोरं प्रकाशसंश्लेषण शोधता शोधता रोनाल्डोपर्यंत पोचायची. तुम्बुका भाषेतलं 'येवो', म्हणजे धन्यवाद, मी तिथे जितक्या वेळा ऐकलं तितक्या वेळा आयुष्यात माझे आभार कोणी मानले नव्हते. त्याची सवय लागते, हे कबूल करतो.

काम संपल्यावर लिलाँग्वे, चिपाटा, लुसाका असा सरळ रस्ता होता. मी उलटा वर निघालो. करोंगा, मग सोंग्वे नदीवरची सरहद्द ओलांडून टांझानिया, तुकुयूच्या केळीच्या बागा आणि चहाचे मळे. बाजारात कानावर स्वाहिली पडायला लागली आणि मजा वाटली. दुकानाला 'दुका', साबणाला 'साबुनी', हिशेबाला 'हेसाबू', विम्याला 'बिमा'. समुद्रावरून ये-जा करणाऱ्यांनी शब्द कुठून कुठे नेऊन टाकलेत! चहाला तर 'चाय'च.

हा वळसा ताझारा रेल्वेसाठी होता. दार-ए-सलाम ते झांबियातलं कापिरी म्पोशी, 1860 किलोमीटर. 1965 साली ऱ्होडेशियातल्या गोऱ्या सरकारने परस्पर स्वातंत्र्य जाहीर केलं आणि झांबियाचं तांबं समुद्रापर्यंत न्यायचा दक्षिणेचा रस्ता बेभरवशाचा झाला. पाश्चात्त्य देशांनी आणि जागतिक बँकेने हात वर केले. चीन तेव्हा स्वतःच गरीब होता, तरी त्याने बिनव्याजी कर्ज दिलं, माणसं पाठवली. 1970 ते 1975 या पाच वर्षांत डोंगर फोडून, शेकडो पूल बांधून रूळ टाकले गेले. हे सगळं मी वाचून आलो होतो आणि समोर बसलेल्या आजोबांना उत्साहाने सांगतही होतो. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी होतो तिथे."

सत्तरीला टेकलेले, झांबियाचे, निवृत्त फिटर. विशीच्या आतच कामाला लागलेले. त्यांना शिकवणारा चिनी उस्ताद इंग्रजी बोलत नसे, बेंबा तर नाहीच. "पहिल्या दिवशी त्याने पंप खोलला, परत जोडला. दुसऱ्या दिवशी परत खोलला, सगळे भाग गोणपाटावर ओतले, पाना माझ्या हातात दिला आणि झाडाखाली जाऊन बसला. मी दिवसभर चुकत होतो. तो बघत होता, पण उठला नाही."

"राग नाही आला?"

"आला ना. संध्याकाळी पंप चालला तेव्हा गेला." मग त्यांनी सहज विचारलं, "तू काय करत होतास मलावीत?"

मी सर्व्हरचं सांगितलं. मॅन्युअलचंही. ते खूप हसले. हसू ओसरल्यावर विचारलं, "बिघडलं की दुरुस्त कोण करायचं?"

"मी."

"नेहमी?"

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. बाहेर नुसतं गवत होतं.

नेहमीच. बाई शेजारी उभ्या राहायच्या, 'मी करून बघू का' असं एकदोनदा म्हणाल्याही होत्या. पण तास संपत आलेला असायचा, चाळीस पोरं ताटकळलेली, आणि मला दोन मिनिटांत जमणारी गोष्ट त्यांना वीस मिनिटं लागणार. मी म्हणायचो, 'पुढच्या वेळी.' माझे वडील इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर होते. लहानपणी मागाला हात लावू द्यायचे नाहीत, 'तू शीक, हे तुझं काम नाही' म्हणायचे. मला त्याचा राग यायचा. तेच मी दुसऱ्यांशी करत होतो, आणि वर त्याला सेवा म्हणत होतो.

नाकोंडेनंतर टांझानियाचं सिमकार्ड मुकं झालं. रात्रभर थंडीने आणि त्या प्रश्नाने झोप लागली नाही. कापिरी म्पोशीला उतरल्यावर सिम घेतलं, जमेल तेवढा टॉकटाइम भरला आणि फोन लावला.

बाईंनी ओरडावं अशी माझी इच्छा होती. त्या नेहमीसारख्या शांतपणे म्हणाल्या, "सांगा, मी खुर्चीत बसलेय." मग थोडं थांबून, "ही खुर्ची आधी कधी मोकळी नसायची."

पुढचा तासभर मी स्टेशनबाहेर एका कट्ट्यावर बसून नुसता बोलत होतो. पासवर्ड होता माझ्या गावाचं नाव. मलावीतल्या बाईंना फोनवरून इचलकरंजीचं स्पेलिंग सांगून बघा कधी. बॅटरीची एक तार ढिली झाली होती, त्यामुळे सर्व्हर मध्येच बंद पडून अडकला होता. पडद्यावर काय दिसतंय ते बाई वाचायच्या, मी कमांड सांगायचो, त्या एक अक्षर चुकायच्या. माझी बोटं गुडघ्यावर आपोआप टाइप करत होती. तिसऱ्या प्रयत्नात त्या म्हणाल्या, "थांबा, सांगू नका," आणि बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. टॉकटाइम संपत चालला होता. शेवटी मागून पोरांचा गलका ऐकू आला. चाललं होतं.

दोन दिवसांनी लिव्हिंगस्टनला पोचलो. मोसी-ओआ-तुन्या, म्हणजे गडगडणारा धूर. 1.7 किलोमीटर रुंद, 108 मीटर खोल. जूनमध्ये पाणी इतकं, की तुषारांपलीकडे काही दिसत नाही. नखशिखांत भिजून उभा होतो. ज्याच्यासाठी वर्षभर पैसे साठवले ते समोर होतं, आणि डोक्यात तो झाडाखाली बसलेला चिनी माणूस. मदत करायला गेलेल्या माणसाला सगळ्यात जड काय जात असेल, तर न उठणं.

पुण्याला परतल्यावर पहिले काही महिने बाईंचे प्रश्न यायचे. मी उत्तर पाठवायच्या आधी त्यांना विचारायचो, 'तुम्हाला काय वाटतं?' मग प्रश्न कमी झाले. मध्ये तीन महिने काहीच आलं नाही. मला वाटलं, संपलं सगळं, लॅपटॉप कपाटात गेले असणार.

मग एक दिवस मेसेज आला : 'एक बॅटरी बदलली. फॉर्म थ्रीच्या दोन मुली आता सर्व्हर बघतात. पासवर्डही बदलला, तुमच्या गावाचं नाव कोणालाच लिहिता येत नव्हतं. नवा तुम्हाला सांगणार नाही.'

मी उत्तर दिलं, 'येवो.'