सांताक्लॉज खोटा, मग येशू?

गेल्या रविवारी आमच्या मंडळीत नाताळच्या कार्यक्रमाची बैठक झाली. चांदणीचे कंदील कुठं लावायचे, करंज्या-चकल्या कोण करणार, संडे स्कूलच्या मुलांचं नाटक किती मिनिटांचं, हे सगळं वीस मिनिटांत ठरलं. मग कुणीतरी विचारलं, "यंदा सांताक्लॉज कोण होणार?" आणि पुढचा तासभर त्यातच गेला.

एक वडीलधारे म्हणाले, "प्रभूच्या जन्मदिवशी लाल टोपीवाल्याचा सत्कार कशाला? हे खोटं आपण आपल्याच तोंडानं मुलांना शिकवायचं काय?" त्यावर एक मावशी म्हणाल्या, "अहो, चार चॉकलेटं वाटतोय तो. पोरं हसतात. त्यात कसलं पाप?" दोन्ही बाजूंनी माना हलत होत्या. मला विचारलं तेव्हा थोडक्यात बोललो. इथं सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न फक्त आमच्या ख्रिस्ती घरांपुरता राहिलेला नाही.

कुरुंदवाडात आमच्यासारखी घरं मोजकीच. पण डिसेंबर लागला की बालवाडीतली निम्मी पोरं लाल टोपी घालून घरी येतात. त्यात जैन असतात, मराठा असतात, मुसलमान असतात. आईबाप कापसाची दाढी चिकटवून फोटो काढतात आणि स्टेटसला लावतात. आपल्या गावाला याचं वावडं नाही. पाच मशिदींत गणपती बसवणारं गाव आहे हे. मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले तर पंजे आणि गणपती एकाच छताखाली बसतात. अशा गावात एका टोपीनं कुणाचा धर्म बुडत नाही.

अडचण वेगळीच आहे. पंचवीस डिसेंबरला शेजारीपाजारी प्रेमानं शुभेच्छा देतात आणि त्यातला एखादा हमखास म्हणतो, "काय ओ, आज तुमच्या सांताक्लॉजची जयंती ना?" म्हणजे लोकांच्या डोक्यात तो आमचा देव. येशू आणि सांताक्लॉज एकाच घरातले. आम्ही हसतो, करंज्यांची ताटली पुढं करतो आणि विषय सोडून देतो. आता वाटतं, सोडून देऊ नये.

झालं असं. माझी मुलगी तिसरीत आहे. तिच्या वर्गातली एक मैत्रीण, ख्रिस्ती नाही, पण तिच्या घरी दोन-तीन वर्षं सांताक्लॉजचं प्रकरण फार जोरात चाललं होतं. रात्री उशाशी मोजा ठेवायचा, सकाळी त्यात खेळणं. वर "सांता"च्या अक्षरात चिठ्ठी. यंदा तिच्या मोठ्या भावानं फोडून टाकलं की हे सगळं मम्मी-पप्पा करतात. पोरगी रडली. आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्या मुलीला म्हणाली, "तुमचा सांताक्लॉज खोटा आहे. मग तुमचा येशू बी तसलाच असणार."

मुलगी घरी येऊन मला ते जसंच्या तसं सांगून मोकळी झाली आणि माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिली.

आठ वर्षांच्या पोरीचा तर्क आहे हा, पण त्याला उडवून लावता येत नाही. एकाच महिन्यात, एकाच सणात, एकाच माणसाच्या तोंडून दोन गोष्टी सांगितल्या. दोन्ही न दिसणाऱ्या. दोघंही म्हणे सगळं बघतात, सगळं जाणतात. त्यातली एक खोटी निघाली. दुसरीवर विश्वास का ठेवायचा?

म्हणून आधी हा सांताक्लॉज आला कुठून ते बघू. निकोलस नावाचा बिशप चौथ्या शतकात मायरा या गावी होऊन गेला. आजच्या तुर्कस्तानात ते ठिकाण आहे. त्याची सगळ्यात प्रसिद्ध आख्यायिका आपल्याकडच्या कुणालाही समजावून सांगावी लागणार नाही. एका गरीब बापाला तीन मुली. हुंड्याला पैसा नाही, त्यामुळं लग्नं अडलेली, आणि मुलींवर वाईट वेळ येणार अशी स्थिती. निकोलसानं रात्री अंधारात त्यांच्या खिडकीतून सोन्याच्या थैल्या टाकल्या आणि कुणाला कळू नये म्हणून निघून गेला. मुलींची लग्नं झाली. हा मूळचा नाताळबाबा. ना हरणांची गाडी, ना उत्तर ध्रुव.

ते सगळं पुढं अमेरिकेत चिकटलं. १८२३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका वर्तमानपत्रात एक कविता छापून आली, त्यात आठ हरणांची गाडी आणि धुराड्यातून उतरणं आलं. १८६३ पासून थॉमस नास्ट या व्यंगचित्रकारानं त्याला दाढी आणि पोट दिलं. १९३१ पासून हॅडन संडब्लॉम या चित्रकारानं कोका-कोलाच्या जाहिरातींसाठी त्याला रंगवला आणि तो गुबगुबीत लाल आजोबा जगभर गेला. माझी आजी मिरजेला डॉक्टर वानलेस यांनी उभ्या केलेल्या मिशन हॉस्पिटलात नर्स होती, आयुष्यभर उपासना चुकवली नाही. पण तिच्या तोंडून सांताक्लॉज हा शब्द मी कधी ऐकला नाही. तिचा नाताळ म्हणजे पेटी-तबल्यावरची भजनं, करंज्या आणि दारावरची चांदणी.

मग त्या वडीलधाऱ्यांचं बरोबर, बंदच करावा? मला तसं वाटत नाही.

कारण कल्पनेचा खेळ म्हणजे खोटं बोलणं नव्हे. आपल्या गावात गौरी येतात तेव्हा बघा. नदीवरनं पोरी-बाया गौरी घेऊन येतात, दारापासून पावलं काढलेली असतात, गौर एकेका खोलीत फिरते, घरातली बाई विचारते काय दिसतंय, आणि आणणारी सांगते धान्य दिसतंय, सोनंनाणं दिसतंय. कोठीत पोतंभर ज्वारी असते आणि सोनं बँकेत गहाण असतं, ते विचारणारीलाही ठाऊक आणि सांगणारीलाही. कुणी कुणाला फसवत नाही. दिवाळीत पोरं मातीचा किल्ला करतात, त्यावर हळीव पेरतात, मावळे उभे करतात आणि दोन तास खरंच शिवकाळात असतात. पडलेला दात कौलावर टाकून उंदराकडं नवा मागतात. मोठेपणी कुणी आईला विचारत नाही की तू मला उंदराबद्दल का फसवलंस.

आणि प्रभु येशू स्वतः काय करत होते? उधळ्या पुत्राची गोष्ट, चांगल्या शोमरोन्याची गोष्ट. ते दाखले होते. ऐकणाऱ्यांना ते दाखले आहेत हे कळत होतं. रचलेली गोष्ट सांगणं पाप असतं तर शुभवर्तमानातली कितीतरी पानं काढून टाकावी लागली असती.

फरक कुठं पडतो? पुरावे तयार करायला लागलो की पडतो. खिडकीत केक ठेवायचा, रात्री आपणच अर्धा खायचा आणि सकाळी "बघ, खाऊन गेला" म्हणायचं. खोट्या अक्षरात चिठ्ठी लिहायची. पोरगं शंका काढायला लागलं की आणखी एक पुरावा. अमेरिकेत तर त्यांच्या हवाई संरक्षण केंद्राकडून १९५५ पासून सांताची गाडी कुठं पोचली ते जाहीर करतात. मोठ्यांना ती गंमत वाटते आणि असेलही. पण ज्या दिवशी मूल खरंच, मनापासून विचारतं, "पप्पा, हे खरं आहे का?", त्या दिवशी खेळ संपलेला असतो. त्यानंतर जे सांगतो ती थाप. खेळात मूल सामील असतं, थापेत नसतं.

ख्रिस्ती आईबापांना तर ही थाप जास्त महागात पडते. आपण मुलांना येशू कसा देतो? प्रयोगशाळेत दाखवून नाही. आपल्या शब्दावर देतो. ज्या तोंडानं गव्हाणीतल्या बाळाची गोष्ट सांगायची, ते तोंड मुलाच्या दृष्टीनं विश्वासाचं राहिलं पाहिजे.

दुसरा मुद्दा मला याहून मोठा वाटतो. सांताक्लॉजची एक वही असते म्हणे. शहाण्या मुलाला भेट, वाईट मुलाला काही नाही. डिसेंबरभर आईबाप हीच धमकी वापरतात: दंगा केलास तर सांता येणार नाही. आता आपल्या शिरोळ तालुक्यात हे लावून बघा. डिसेंबर म्हणजे ऐन गळीत हंगाम. बीड-परभणीकडच्या टोळ्या फडात आहेत, कोप्यांत पोरं आहेत. त्यातलं एखादं पोर चार महिन्यांपुरतं शाळेत येऊन बसलं. वर्गात कळलं की शहाण्या मुलांना सांता सायकल देतो. शेजारच्याला सायकल मिळाली, ह्याला काहीच नाही. आईबापाकडं पैसा नाही हे कारण त्याला कुणी सांगितलेलंच नाही. मग तो काय समजणार? मी वाईट आहे, एवढंच. मजुराच्या पोराला असं वाटायला लावणारी गोष्ट मी नाताळच्या नावानं सांगणार नाही.

आणि आमची नाताळची गोष्ट तर याच्या नेमकी उलटी आहे. लूकच्या शुभवर्तमानात बाळाच्या जन्माची बातमी पहिल्यांदा कुणाला कळते? रात्री रानात कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. आपल्याकडं ऊस गेलेल्या रानात धनगर मेंढरं बसवतात, थंडीत घोंगडं पांघरून राखणीला राहतात, तसली माणसं. त्यांना कुणी विचारलं नाही, यंदा शहाण्यासारखं वागलात काय? वही तपासली नाही. बातमी दिली. आम्ही हिला कृपा म्हणतो. ती कमवायची नसते. मुलाला सांताची वही पाठ झाली आणि कृपा कळलीच नाही, तर नाटक कितीही चांगलं बसवा, नाताळ हातातनं गेला.

आता बंदीवाल्यांबद्दल. आमच्यातल्या आणि बाहेरच्याही. १६५९ ते १६८१ अशी बावीस वर्षं अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये कडव्या ख्रिस्ती लोकांनीच नाताळ साजरा करण्यावर पाच शिलिंग दंड ठेवला होता. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन लोकांच्या देशात पंचवीस डिसेंबरची सार्वजनिक सुट्टी १९५८ ला सुरू झाली. आपल्या कोल्हापूरचं मिशन १८५२ साली आलेल्या वाइल्डर साहेबांपासूनचं, तेही पुढं प्रेस्बिटेरियनच झालं. फ्रान्समध्ये दिझों इथं १९५१ च्या डिसेंबरात चर्चसमोर, संडे स्कूलच्या मुलांच्या देखत, सांताक्लॉजचा पुतळा जाळला. काय साधलं? सांता आजही तिथं आहे. मुलांना मात्र चर्चसमोरची जाळपोळ दिसली.

आणि बाहेरचे. २०२४ च्या नाताळात इंदूरला जेवण पोचवणाऱ्या एका पोराला रस्त्यात अडवून त्याचा सांताचा वेष उतरवायला लावला. पोटासाठी कंपनीनं दिलेले कपडे घातले होते त्यानं. मी सांताचा भक्त नाही हे वर लिहिलंच आहे. पण मला सांता नको म्हणणं आणि दुसऱ्याच्या अंगावरचे कपडे उतरवणं, ह्यात फार अंतर आहे. माझी लेकरं काय मानतील ते मी घरात बसून, बोलून ठरवणार. रस्त्यावर कुणाला अडवून नाही.

मुलीला मी काय सांगितलं? आमच्या घरी दाढी मी लावतो, तीही तिच्यासमोर, आणि ती उलटी लागली तर नीट करून देण्याचं काम तिचंच. त्यामुळं तो भाग सोपा होता. म्हटलं, सांताक्लॉज हा खेळ आहे, निकोलस हा खरा माणूस होता, आणि येशूबद्दल मी तुला जे सांगतो ते मी स्वतः खरं मानतो, त्यावर जगायचा प्रयत्न करतो. तू मोठी होशील, वाचशील, प्रश्न विचारशील. विचार. मी तुला माहीत असून खोटं काही सांगणार नाही. तिनं विचारलं, "मग मैत्रिणीला काय सांगू?" म्हटलं, तिला निकोलसाची हुंड्याची गोष्ट सांग. आणि नाताळला घरी बोलव.

दोन-तीन वर्षं आम्ही आणखी एक खेळ खेळतो. चोवीस तारखेला मुलं निकोलस होतात. घरी केलेल्या फराळाचे डबे, चांगल्या स्थितीतले स्वेटर, वह्या. अंधार पडल्यावर ठरलेल्या दारांशी ठेवायचं आणि पळत यायचं. फोटो काढायचा नाही, नाव सांगायचं नाही. कुणाची दारं ते इथंही लिहिणार नाही. घेणारी मुलं भेट घ्यायला जितकी उतावीळ असतात, तितकीच ही द्यायला होतात, हे मी डोळ्यांनी बघतोय.

बैठकीत मी तीन गोष्टी मांडल्या, त्या मान्य झाल्या. सांताक्लॉज येईल, पण दाढी मुलांसमोरच लावेल. तो नाटकाच्या शेवटी मुख्य पाहुण्यासारखा येणार नाही. शेवट गव्हाणीपाशी आणि मेंढपाळांपाशी होईल. आणि खाऊ सगळ्यांना सारखा. बाहेरून बघायला आलेल्या पोरालाही तोच. "शहाणा होतास का?" हा प्रश्न कुणी विचारायचा नाही. वडीलधारे अजून थोडे नाराज आहेत. पण मेंढपाळाचं घोंगडं देतो म्हणालेत.

तुमच्या घरी कुठलाही धर्म असो, या महिन्यात पोरगं लाल टोपी घालून येणारच. येऊ दे. खेळू दे. ज्या दिवशी ते डोळ्यांत बघून विचारेल, त्या दिवशी मात्र खरं सांगा. आणि आमच्याबद्दल विचारलं तर एवढं सांगा, की त्यांचा सण त्या दाढीवाल्याचा नव्हे, गोठ्यात जन्मलेल्या एका बाळाचा आहे.

पंचवीसला फराळाला या सगळे.